गाठीचे थेटर आणि माझा अर्ज

हे वाग्देवते, शब्द देणे ही तुझी कृपा आणि शब्द आवरणे हीही तुझीच. पहिली कृपा मला तरुणपणी उदंड लाभली. दुसरी मागायचे मला सुचलेच नाही. विघ्नहर्त्याला, गुरुचरणांना आणि आमच्या घाटाला लागून वाहणाऱ्या कृष्णामाईला वंदन करून मुंबईच्या तीन दिवसांच्या प्रवासाची हकीकत येथे मांडतो. जे लिहीन ते खरे असावे, एवढीच या वेळची प्रार्थना.

माझी तीर्थयात्रांची वर्णने वाचणाऱ्यांना हा लेख वेगळा वाटेल. येथे देऊळ नाही, नदी नाही, दर्शनाच्या वेळा नाहीत. येथे एक संगीतगृह आहे, आणि तेही आता उरलेले नाही. गिरण्या चालू होत्या त्या काळात लालबाग आणि परळ यांच्यामधल्या एका गल्लीत 'श्री नटेश्वर संगीतगृह' नावाचे पत्र्याचे थेटर उघडले, गाजले आणि तीन वर्षे पुरी व्हायच्या आत बंद पडले. ते बंद पाडणाऱ्यांत मी होतो.

तेव्हा मी परळच्या एका देवळाच्या ओवरीत राहत असे, दिवसा शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि संध्याकाळी पुराण सांगत असे. वस्तीतल्या प्रतिष्ठितांच्या सांगण्यावरून थेटराविरुद्धचा अर्ज मी लिहिला, घरोघर फिरून सह्या मिळवल्या, आणि थेटराच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही. गेल्या वर्षी ही गोष्ट याच पानावर मी मोठ्या समाधानाने सांगितली होती. तिच्याखाली नेहमीप्रमाणे 'प्रेरणादायी', 'नमस्कार गुरुजी' असे अभिप्राय आले. महिन्याभराने एक वेगळा आला:

"काका, तो अर्ज तुमच्याकडे अजून आहे का? त्यात माझ्या मावशीचं नाव आहे का, बघून सांगाल? अर्जंट आहे. सुनंदा, लालबाग."

अर्ज माझ्याकडे होता. कार्बनची प्रत, वर परवाना कार्यालयाच्या पोचेचा गोल शिक्का. पन्नास वर्षे मी तो जपला, कारण त्यातले मराठी मला फार आवडत असे. त्यात नाव होते: मथुराबाई. सुनंदाताईंच्या पुढच्या पत्रांवरून उलगडा झाला. वृद्ध कलावंतांना शासनाकडून मानधन मिळते. त्यासाठी कला सादर केल्याचा त्या काळचा लेखी पुरावा जोडावा लागतो. नटेश्वरच्या मालकाचे कागद त्याच्याबरोबरच गेले. फोटो नाही, जाहिरात नाही, कराराचा चिटोरा नाही. मथुराबाई कधी काळी रंगमंचावर उभ्या राहत होत्या, याचा जगात एकच लेखी पुरावा उरला होता, आणि तो मी त्यांच्याविरुद्ध लिहिलेला होता.

"पोस्टाने पाठवतो," असे मी कळवले. मग पाकिटात घालण्याआधी अर्ज पुन्हा एकदा वाचला, आणि पाकीट तसेच ठेवले. असा कागद लिहिणाऱ्याने स्वतः न्यावा.

पहिला दिवस: वाई, दादर, गिरगाव

वाईहून पहाटेची एसटी धरली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट पडत नाही. आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवावे, कारण वाहक ते घाट चढायच्या आतच मागतो. सोबत दशम्या आणि दाण्याची चटणी होती. द्रुतगती मार्गावरच्या थांब्यावर जे मिळते ते महाग आणि गारढोण असते, तेव्हा माझ्या वयाच्या वाचकांनी घरचेच बांधून न्यावे. दुपारच्या आत दादर पूर्वेला उतरलो, टिळक पूल ओलांडून पश्चिमेला आलो आणि फुलांच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत भुयारी मेट्रोच्या पायऱ्यांशी पोहोचलो. दादर ते गिरगाव आता पाताळातून जाता येते. सरकते जिने लांबलचक आहेत. काठी असेल त्याने उद्वाहन शोधावे. डबा थंड, स्वच्छ आणि इतका शांत की शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू यावा. या शहराचा मला आठवणारा एकही आवाज त्यात नव्हता.

गिरगावात उतरायचे ठिकाण म्हणजे माझे गुरुबंधू नाना. अर्जावर माझ्या सहीखालची सही त्यांची. चाळीतल्या दोन खोल्या, गॅलरीत तुळस, आणि नानांचा आवाज अजूनही खालच्या मजल्यापर्यंत पोहोचणारा. येण्याचे कारण ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"ती बाई अजून आहे?"

"आहे."

"आणि तू तिच्या दारात जाणार? या वयात?"

आतून माई, म्हणजे नानांच्या पत्नी, पोह्यांची बशी घेऊन आल्या. "जाऊ द्या की त्यांना. तेव्हा दोघांनी दाराच्या फटीतून पाहिलंत. आता एकाने तरी सरळ दारातून पाहावं."

नाना गोरेमोरे झाले. मीही झालो असेन. कारण ते अक्षरशः खरे होते. अर्जात मी 'आम्ही समक्ष पाहिले' असे लिहिले आहे. ते समक्ष पाहणे म्हणजे, एका सकाळी आम्ही दोघे नटेश्वरच्या मागच्या दाराशी उभे राहिलो, दोन फळ्यांमधल्या फटीला आळीपाळीने डोळा लावला आणि कोणी पाहील या भीतीने निघून आलो. फार तर पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांवर मी चार पाने लिहिली.

"मी तुझ्या जागी असतो तर कागद फाडून टाकला असता," नाना म्हणाले.

"का?"

"तिची लाज राहिली असती आणि तुझीही."

माझ्या मनात हा विचार आला नव्हता असे म्हणणार नाही. पोहे चांगले झाले होते.

दुसरा दिवस: लालबाग

सकाळी स्नानसंध्या आटोपून बसने लालबागला निघालो. मेट्रोपेक्षा बस बरी. खिडकीतून भायखळा, मग उड्डाणपूल दिसतो आणि आपण कोठे आहोत हे समजते. श्रावण-भाद्रपदात इकडे यायचे असेल तर देवासाठी या, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी येऊ नका; पाऊल टाकायला जागा नसते. एरवी मसाल्याच्या दुकानांची गल्ली जरूर पाहावी. मसाला कुटणाऱ्या डंखांचे लोखंडी मुसळ दिवसभर धपाधप पडत असतात आणि मिरचीची धूळ हवेत तरंगत असते. नाकाला रुमाल लावूनच आत शिरावे. मी तो न लावता शिरलो आणि दहा पावलांत डोळे पुसू लागलो.

सुनंदाताई उड्डाणपुलाखाली उभ्या होत्या. पन्नाशीच्या आतल्या, परळच्या एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर काम करतात, बोलणे झटपट.

"काका ना? शिंकताय म्हणजे गल्लीतून आलात. मावशीने वीस-बावीस वर्षं तिथेच काढली. थेटर बंद झाल्यावर मिरच्यांची देठं काढायला बसली. घसा तिथेच गेला तिचा."

मी शिंकायचा थांबलो.

आधी त्यांनी मला थेटराची जागा दाखवली. गल्ली तीच, पण तिच्या एका अंगाला आता टोलेजंग इमारत उभी आहे. नटेश्वर होते तेथे तिच्या मोटारी ठेवायचे दोन मजले आहेत. पहारेकऱ्याला सुनंदाताईंनी सहज विचारले, तर तो म्हणाला, "थेटर? वो मॉल में है, मॅडम. इधर सिर्फ पार्किंग." माझ्या देवळाची ओवरी मात्र तशीच आहे, फक्त फरशी नवी. तेथून थेटराचा दरवाजा पन्नास पावलांवर होता. कट्ट्यावर बसून मी त्या इमारतीकडे पाहिले. वाईट वाटावे असे तेथे काही उरलेलेच नव्हते, याचे वाईट वाटले.

मथुराबाई सुनंदाताईंकडेच राहतात. चाळीचा तिसरा मजला, लाकडी जिना, कठड्याला धरून चढावे. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर. सुनंदाताईंचे सासर बौद्ध. खिडकीशी खाटेवर नऊवारीतल्या मथुराबाई, पाठ ताठ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर बाकावर एक वृद्ध गृहस्थ. "हे शेजारचे भिकू तात्या," सुनंदाताई म्हणाल्या. "साचाखात्यात होते. आता काहीच ऐकू येत नाही. मावशीकडे रोज येऊन बसतात."

साचा म्हणजे हातमागाचा यांत्रिक भाऊ. शेकडो साचे एकाच छपराखाली खडखडत, आणि त्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान हळूहळू जात. हे मला त्या दिवशी माहीत झाले. तीन वर्षे मी त्याच माणसांना पुराण सांगत होतो.

"मास्तर आले का?" मथुराबाईंनी विचारले. आवाज खरखरीत, कोरड्या पानांवरून कोणी चालावे तसा. "कागद आणलाय म्हणं. वाचा की. मला आता दिसत नाही आन् सुनंदाला वेळ नाही."

"मी नुसता देऊन जातो. शिक्का आहे त्यावर."

"माझं नाव कशापायी घातलंय ते मला कळाया नको?"

मी अर्ज उलगडला.

पहिले कलम होते वेळेचे: 'प्रातःस्मरणाच्या पवित्र समयी, सूर्य उगवून घटका लोटते न लोटते तोच, येथे खेळ आरंभिला जातो.' मथुराबाई म्हणाल्या, "तिसरी पाळी सकाळी सुटायची, मास्तर. रातभर राबलेल्या माणसाची संध्याकाळ तीच. त्येंनी गाणं कवा ऐकायचं?"

दुसरे कलम वाचताना माझी नजर तसबिरीकडे गेली. 'आसनव्यवस्थेत कुलशीलाचा कोणताही विवेक ठेवलेला नाही.' येथे नव्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. गिरणीत साचाखात्यात काही जातींच्या माणसांना घेत नसत. धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतून, सूत ओठांनी ओढून घ्यावे लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. त्यांना रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईला लावीत. नटेश्वर हे पूर्वी कापसाच्या गाठींचे गोदाम. अण्णा नावाच्या एका माणसाने ते भाड्याने घेतले. नाटक कंपनीत दिवे सांभाळून तो तयार झालेला होता. खुर्च्या घेण्याची त्याची ऐपत नव्हती, म्हणून पेंढा भरलेल्या तागाच्या गाठी मांडल्या. एका गाठीवर चौघे, जो येईल तो बसेल. म्हणून लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'गाठीचं थेटर'.

सुनंदाताई चहाचे आधण ठेवत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "माझे सासरे रिंगखात्यात होते. ते सांगायचे, आख्ख्या गिरणगावात 'तिकडे सरक' न म्हणता शेजारी बसू दिलं ते गाठीवर."

मी पुढचे वाक्य पाहिले आणि आवाज खाली आणला. इतका खाली, की ओठ हलत होते आणि शब्द माझे मलाही ऐकू येत नव्हते. पान उलटल्याचे दाखवून मी पुढच्या परिच्छेदावर जाणार होतो.

"काय म्हणलासा? ऐकू नाय आलं," मथुराबाई म्हणाल्या.

समोरच्या बाकावरून भिकू तात्या मोठ्याने बोलले. "जनावरा म्हणता तो! 'कामगार हे पशूंसमान आरोळ्या ठोकतात.' असा म्हणता."

मी त्या ठार बहिऱ्या माणसाकडे पाहत राहिलो.

मथुराबाई हसू लागल्या. हसता हसता ठसका लागला, सुनंदाताईंनी पाणी दिले. "आवं मास्तर, साचावाल्यापुढं तोंडातल्या तोंडात काय बोलताय? साच्याच्या खडखडाटात माणसानं माणसाशी बोलायचं कसं? ओठ बघून! समदं साचाखातं ओठ वाचायचं."

"आमका आयकाक येय नाय," भिकू तात्या सांगू लागले, "म्हणान आमी जोरान बोलायचो. आपलो आवाज किती मोठो ता आमकाच कळा नाय. लोक म्हणत, दारू पिऊन बोंबलतत. अरे, खयची दारू! रातपाळी करून इललो माणूस, च्या पिऊक पैसो नाय."

पुढचे वाक्य मी मोठ्याने वाचले. ते लपवून उपयोग नव्हता. 'सदर मथुराबाई ही रंगमंचावर ओठांचे बीभत्स चाळे करून प्रेक्षकांस चेतविते.' फटीतून मी जे पाहिले ते हेच होते. एक स्त्री रंगमंचाच्या कडेला येऊन, आवाज न काढता, तोंड मोठे उघडून हलवीत होती आणि पुढच्या गाठींवरचे पुरुष ओरडून दाद देत होते. त्या दृश्याला दुसरा काही अर्थ असू शकेल, असे चोवीस वर्षांच्या त्या विद्वानाला वाटले नाही.

मथुराबाईंनी पदर सावरला. पडदा आलेले डोळे भिकू तात्यांच्या दिशेने वळवले आणि ओठ हलवले. आवाज नाही, श्वाससुद्धा नाही. हाताची बोटे मात्र शब्दाशब्दाला उघडत आणि मिटत होती. भिकू तात्या त्यांच्या पाठोपाठ एकेक शब्द खणखणीत म्हणत गेले: आंब्याच्या डहाळीवर बसलेल्या पोपटाला सांगावा धाडणारी एक ओळ, मग दुसरी.

"पयली ओळ ओठानी," ते म्हणाले. "आमच्यासाठी. मगे तीच ओळ गळ्यानी, रिंगखात्यासाठी. प्रत्येक गाणा दोनदा गायची ती. कोण गायता असा? दाखवा माका."

भोंग्याची गोष्ट सुनंदाताईंनी सांगितली, सासऱ्यांकडून ऐकलेली. शेजारच्या गिरणीचा भोंगा खेळाच्या मध्येच वाजे आणि गाणे बुडे. मथुराबाई तेव्हा थांबत नसत. भोंग्याच्या सुरात सूर मिसळून तो धरून ठेवीत, आणि भोंगा विरला की त्यांचा सूर तेवढा मागे उरे. मग डब्यांची झाकणे वाजत, पाय आपटले जात, आणि छताच्या कैच्यांवर साठलेला जुना कापूस सावरीच्या म्हातारीसारखा तरंगत सगळ्यांच्या डोक्यांवर उतरे. रिंगखाते आणि साचाखाते यांच्यात फर्माइशीवरून हाणामारी होई, तीही खोटी नव्हे. एकदा अण्णाने दोन्हीकडच्यांना बाहेर काढून रिकाम्या गाठींपुढे खेळ पुरा केला. हे थेटर दांडगट होते, यात संशय नाही. मी ते खोटे ठरवायला आलेलो नाही. पण दांडगटपणा आणि पशुत्व यांत जो भेद आहे तो ओळखण्याची विद्या माझ्याकडे होती, आणि मी ती वापरली नाही.

"आणि शेवटचा दिवस?" मी विचारले.

मला तो आठवत होता. परवाना संपला, दाराला सील लागले, आणि सकाळी तिसऱ्या पाळीची माणसे गल्लीत उभी होती. ओवरीतून मी पाहत होतो. गेल्या वर्षीच्या लेखात मी लिहिले आहे की 'तो जमाव त्या दिवशी निमूट, ओशाळून उभा होता.'

"पायरीवं उभी राहिले," मथुराबाई म्हणाल्या. "दारापाशी हवालदार. म्हणला, गल्लीत गाणं बजावणं झालं तर आत टाकीन. मग नाय गायले. सगळी गाणी ओठांनी म्हणली. साचावाले बघत व्हते आन् रिंगवाल्यांच्या कानात सांगत व्हते. दीड तास. हवालदाराला वाटलं, बाई मुकी उभी हाय."

हवालदाराला जे वाटले तेच पुराणिकालाही वाटले. वाणीचे तप कशाला म्हणतात हे मी जन्मभर लोकांना समजावून सांगत आलो, आणि ते माझ्यापासून पन्नास पावलांवर दीड तास चालू असताना मी त्याकडे पाहून समाधानाने संध्येला बसलो.

चहा आला. मी तो घेतला. एवढेच त्या दिवशी माझ्या हातून नीट झाले.

तिसरा दिवस: कार्यालय

सकाळी नानांकडे बसून मी प्रतिज्ञापत्र लिहिले. एका पानाचे. मी लिहिलेला अर्ज पाच मिनिटांच्या चोरट्या पाहण्यावर आधारलेला होता. त्यातील मथुराबाईंविषयीची विधाने असत्य आहेत. त्या श्रेष्ठ प्रतीच्या गायिका होत्या आणि बहिऱ्या कामगारांपर्यंत गाणे पोहोचवण्याची स्वतंत्र कला त्यांनी घडवली होती. नाना वाचून म्हणाले, "म्हणजे मीही खोटा?" माई म्हणाल्या, "हो." त्यानंतर त्यांनी दोघांनाही न्याहारी वाढली.

दादरला नोटरीकडे सही केली. मग सुनंदाताई आणि मथुराबाई यांच्याबरोबर टॅक्सीने मानधनाचे अर्ज घेणाऱ्या कार्यालयात पोहोचलो. असे काम असणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे, झेरॉक्सच्या दोन जादा प्रती न्याव्यात, आणि वृद्ध माणसासाठी पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. बाके आहेत, पंखे सगळे चालत नाहीत.

लिपिक तरुण होता, वागायला सौजन्यशील. त्याने माझा जुना अर्ज हातात घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! पोच आहे, शिक्का आहे, थेटराचं नाव, आजींचं नाव. असा कागद कुणाकडे नसतो, काका. लोक फोटो आणतात, मागे तारीख नसते. हे एक नंबर काम झालं."

"त्यात काय लिहिले आहे ते वाचलेत?"

"वाचलं की. शिव्या आहेत. चालतं. रंगमंचावर उभ्या होत्या हे सिद्ध होतंय ना? मग झालं."

मी प्रतिज्ञापत्र पुढे केले. त्याने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि आवाज खाली आणला.

"काका, हे जोडू नका."

"का बरे?"

"तुम्ही इथे शपथेवर सांगताय की तो अर्ज खोटा होता, नीट पाहिलं नव्हतं. मग समिती म्हणेल, खोट्या कागदावर आम्ही आजींना कलावंत कसं मानायचं? आणि आजचं प्रतिज्ञापत्र एकटं चालत नाही, त्या काळचा पुरावा लागतो. म्हणजे दोन्ही गेले. एकच ठेवा. जुना ठेवा."

मी त्याला बरेच समजावले. पाहणे खोटे नव्हते, पाहिल्याचा अर्थ खोटा होता. व्यक्ती खरी, स्थळ खरे, विशेषणे खोटी. शास्त्रार्थात जो भेद मी एका वाक्यात पटवून दिला असता, तो त्या मेजापाशी उभा राहीना. तो मुलगा चुकीचे बोलत नव्हता. तिला कलावंत ठरवायचे असेल तर माझा खोटेपणा खरा राहणे आवश्यक होते. माझा खरेपणा तिला पुन्हा एकदा रंगमंचावरून खाली उतरवणार होता.

"तरीही मी ते जोडणार," मी म्हणालो. "असत्य मी सरकारी दप्तरात कायमचे ठेवू शकत नाही."

बाकावरून मथुराबाई उठल्या. सुनंदाताईंच्या खांद्याला धरून मेजापाशी आल्या.

"मास्तर, कागद कुणाच्या कामाचा हाय?"

"तुमच्या."

"मग ठरवायचं कुणी?"

मी मेजावरचे प्रतिज्ञापत्र हाती घेतले.

"मी सत्तरी पार केली. सुनंदाच्या भाकरीवर बसलीय. मला मानधन पायजे, माफी नको. ती तुमच्या पिशवीत ऱ्हाऊ द्या." मग जरा थांबून, तितक्याच कोरड्या आवाजात: "तुमचं बरं हाय. तुम्ही लिवलं तर मी वाईट, तुम्ही पुसलं तर मी चांगली. मधी मी कुठं हाय?"

लिपिकाने जुन्या अर्जावर आवक क्रमांक घातला. मी प्रतिज्ञापत्राची घडी केली.

बाहेर आल्यावर सुनंदाताईंनी मला दादरच्या एसटीपर्यंत सोडले. मथुराबाई टॅक्सीतच बसून होत्या. मी खिडकीशी वाकून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, आणि ओठांनी काही तरी म्हटले. आवाज नव्हता. माझे कान शाबूत आहेत. ओठ वाचणे मला येत नाही. टॅक्सी निघून गेली.

पुन्हा घरी

घाट उतरताना एसटीत दोन तरुण मुंबईच्या जुन्या नाट्यगृहांबद्दल बोलत होते, कोणते जतन व्हावे, कोणते नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होतो.

मानधन मंजूर झाल्याचा निरोप सुनंदाताईंनी बऱ्याच महिन्यांनी पाठवला: "मावशी खूश आहे. भिकू तात्यांनी सगळ्या मजल्याला ओरडून सांगितलं." तो निरोप आल्यावरच हा लेख लिहायला घेतला, त्याआधी लिहिला असता तर त्यांचे नुकसान झाले असते. गेल्या वर्षीचा लेख मी काढून टाकलेला नाही. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावेत आणि एकाच हाताने काय काय लिहिले जाते ते पाहावे.

लालबागला जाणाऱ्यांनी गल्ली शोधू नये. तेथे पाहण्यासारखे काही नाही. थेटराचे नाव मी दोन्ही लेखांत बदलले आहे. मथुराबाई हेही त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांनी तशी अट घातली. मंजुरी पुन्हा तपासणीला जाऊ नये म्हणून. तेव्हा ज्या गायिकेविषयी मी प्रथमच खरे लिहितो आहे, तिचे नाव या लेखात नाही. ते खरे नाव सरकारी दप्तरात आहे, माझ्या सुंदर अक्षरांत, 'बीभत्स' या शब्दाच्या शेजारी, आणि ते तेथून कधीच निघणार नाही. प्रतिज्ञापत्र माझ्या देवघरातल्या पोथ्यांखाली आहे. त्याचे काय करावे हे मला अजून समजलेले नाही.

वाचकहो, तुम्हा सर्वांवर ईश्वराची कृपा असो. तुमचे कान आणि डोळे शेवटपर्यंत शाबूत राहोत. ज्याच्याविषयी तुम्ही लिहाल त्याच्यासमोर बसून ते मोठ्याने वाचण्याची वेळ तुमच्यावर आली, तर तुमचा आवाज खाली न जावो. आणि ज्यांना जगाने ऐकले नाही त्यांचे म्हणणे समजून घेणारे कोणी तरी, एखादा तरी, त्यांच्या समोरच्या बाकावर सदैव बसलेला असो. शुभं भवतु.